खाडीकाठी घर घेताना : आगरदांड्याच्या निमित्ताने

रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा हे गाव वसले आहे. पाठीशी रानाने झाकलेले डोंगर, पुढे खाडीचे रुंद पात्र, पलीकडच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला जंजिरा, असे येथील दृश्य आहे. आगरदांड्याच्या धक्क्यावरून वाहने व माणसे घेऊन जंगर दिघीकडे निघतो आणि थोड्याच वेळात पलीकडे लागतो. ही सोय नसती तर त्याच प्रवासासाठी संपूर्ण खाडीला वळसा घालून तळा, म्हसळा या बाजूने जावे लागले असते. जंगरावर उभे राहून मागे पाहिले की डोंगराच्या पायथ्याशी नारळी-पोफळीत दडलेली कौलारू घरे दिसतात आणि शहरातून आलेल्या प्रवाशाच्या मनात सहजच विचार येतो, 'येथे आपलेही एक घर असते तर!'

हा विचार आता पुष्कळांच्या बाबतीत केवळ मनात राहात नाही. निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम घेऊन किनाऱ्यावरील गावात लहानसे घर किंवा जागा घेण्याकडे मुंबई, ठाणे, पुणे येथील मध्यमवर्गीयांचा ओढा वाढला आहे. आयुष्यभराची शिल्लक अशा एका व्यवहारात गुंतते. म्हणूनच तो व्यवहार करण्यापूर्वी गाव, जमीन आणि कायदा या तिन्हींची ओळख करून घेणे आवश्यक आहे. ती करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल ठाण्यातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याची कल्पना करू. एका रविवारी, जानेवारीच्या निरभ्र हवेत, ते आगरदांड्यास येतात. मध्यस्थ त्यांना तीन ठिकाणे दाखवतो. गावातील एक जुने कौलारू घर, खाडीलगतची दहा गुंठे जागा आणि डोंगरउतारावरील एक 'प्लॉट' ज्यावरून जंजिरा दिसतो. तिन्ही ठिकाणे डोळ्यांना आवडतात. परंतु तिन्हींचे प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांतील एकही प्रश्न त्या रविवारी दिसून येत नाही.

गावाचा पूर्वेतिहास

राजपुरीची खाडी प्राचीन काळापासून दळणवळणाची वाट आहे. खाडीच्या वरच्या अंगास, मांदाडजवळ, कुड्याची बौद्ध लेणी आहेत. मध्ययुगात 'दंडा-राजपुरी' या नावाने हा परिसर ओळखला जाई. पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, मुरूडचा भाग कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे झाले.

अलीकडच्या काळात या किनाऱ्याचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. दिघी बंदराच्या आराखड्यात खाडीचे दोन्ही तीर येतात. हे बंदर २०२१ मध्ये अदानी उद्योगसमूहाकडे गेले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या बारा औद्योगिक नगरांना मान्यता दिली, त्यांत दिघीचा समावेश आहे. रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर आगरदांडा आणि दिघी यांना जोडणारा पूल योजिलेला आहे. मुंबईहून येणाऱ्यांसाठी मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारवाहू बोटीची सेवा सुरू झाली, तर जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला.

या साऱ्याचा परिणाम जमिनीच्या मागणीवर होणे स्वाभाविक आहे. तथापि, खरेदीदाराने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पूल, बंदर, महामार्ग यांच्या नावावर जागेचा भाव सांगितला जातो, त्याच योजनांसाठी काही जमिनी संपादितही कराव्या लागतात. म्हणून आपण घेत असलेला गट वा सर्व्हे क्रमांक कोणत्याही संपादनाच्या अधिसूचनेत आहे काय, याची चौकशी प्रांत कार्यालयात आणि तहसील कार्यालयात प्रथम करावी.

शेतजमीन कोणास घेता येते?

कोकणातील जमिनीचा प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. येथे खोती पद्धत रुजलेली होती. जमीन कसणारा एक आणि तिच्या उत्पन्नावर हक्क सांगणारा दुसरा, अशी स्थिती होती. याच जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी दीर्घकाळ जमिनी न कसण्याची चळवळ नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालविली. स्वातंत्र्यानंतर खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याने तिची खरेदीदार मानली गेली.

कसणाऱ्याच्या हाती आलेली जमीन पुन्हा सावकाराच्या वा धनिकाच्या हाती जाऊ नये, यासाठी त्याच अधिनियमात दोन कुंपणे घातली आहेत. पहिले कलम ६३ चे. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. दुसरे कलम ४३ चे. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्यावर निर्बंध आहेत. खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या चाळीस पट रक्कम शासनास भरून अशी जमीन विकता येते. पण तेव्हाही घेणारा शेतकरी असावा लागतो. या तरतुदी डावलून केलेला व्यवहार कलम ८४-क खाली अवैध ठरू शकतो आणि जमीन शासनाकडे जाऊ शकते. आदिवासींच्या जमिनीबाबत नियम याहून कडक आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीस घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तीस शासनाची पूर्वमान्यता लागते. रायगडच्या डोंगरपट्ट्यात कातकरी व ठाकर वाड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या जमिनीवर 'कागद नंतर करू' असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे.

आपले शिक्षक दांपत्य शेतकरी नाही. तेव्हा खाडीलगतची दहा गुंठे जागा जर सातबाऱ्यावर शेती म्हणून नोंदलेली असेल, तर ती त्यांना थेट घेता येणार नाही. 'आज माझ्या नावावर राहू द्या, मुखत्यारपत्र लिहून देतो' असे कोणी म्हटले तर तो मार्गही बंद आहे. केवळ कुलमुखत्यारपत्र आणि ताबा यांनी मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

याउलट, गावठाणातील घर किंवा रीतसर अकृषिक झालेला भूखंड कोणासही घेता येतो. भूखंड लहान असेल तर तुकडेबंदी कायद्याकडेही लक्ष द्यावे. १९४७ चा हा कायदा शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास प्रतिबंध करतो. २०२५ मध्ये निवासी वापराच्या क्षेत्रांपुरते हे निर्बंध शिथिल करण्यात आले. मात्र शेती विभागातील एक एक गुंठा विकत घेऊन तेथे घर बांधता येईल, असा त्याचा अर्थ नव्हे. जेथे पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर अथवा आठांहून अधिक घरांचा वा भूखंडांचा प्रकल्प विक्रीस काढलेला असतो, तेथे त्याची 'महारेरा'कडे नोंदणी असणे २०१६ च्या अधिनियमाने बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

सातबारा कसा वाचावा?

गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा मिळून सातबारा उतारा होतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता घरबसल्या पंधरा रुपये शुल्क भरून मिळतो. तो मिळविणे सोपे झाले आहे, वाचणे मात्र शिकावे लागते.

पहिल्याने भूधारणा पद्धती पाहावी. 'भोगवटादार वर्ग-१' असेल तर जमीन सामान्यतः निर्बंधमुक्त असते. 'भोगवटादार वर्ग-२' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. त्यानंतर नावे पाहावीत. नावांपुढे कंस असल्यास ते नाव कमी झालेले असते. मग 'इतर अधिकार' हा रकाना बारकाईने वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा वा सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, न्यायालयातील दावा, 'राखीव वन' अशा नोंदी येथेच आढळतात. कोकणात डोंगरउतारावरील अनेक खाजगी जमिनी १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमाखाली आल्या आहेत. मुरूड आणि रोहा तालुक्यांत १९८६ मध्ये स्थापन झालेले फणसाड अभयारण्यही आहे. म्हणून डोंगराकडील जागेसाठी वन विभागाकडे विचारणा केल्याखेरीज पुढे जाऊ नये.

प्रत्येक नोंदीपुढे फेरफार क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे त्या नोंदीच्या इतिहासाची किल्ली होय. गाव नमुना सहामधील ते जुने फेरफार काढून, निदान तीस वर्षांचा शोध अनुभवी वकिलाकडून घ्यावा. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. कोकणातील जुने बांध, गडगे आणि नकाशावरील रेषा यांचा मेळ बसतोच असे नाही.

गावठाणातील घरांना बहुधा सातबारा नसतो. तेथे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा, दाखविला जातो. परंतु तो कर आकारणीचा कागद आहे, मालकी हक्काचा पुरावा नव्हे, ही गोष्ट अनेकांना खरेदीनंतर कळते. गावठाणांचे ड्रोनद्वारे भूमापन करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचे काम 'स्वामित्व' योजनेखाली २०२० पासून देशभर हाती घेण्यात आले. घराची मिळकत पत्रिका तयार झाली असल्यास ती अवश्य पाहावी. झाली नसल्यास जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे व वारसनोंदी पाहाव्या.

वाटेकऱ्यांच्या सह्या

गावातील जुने कौलारू घर शिक्षक दांपत्यास सर्वांत आवडले. ओटी, पडवी, माजघर, मागे विहीर आणि चार पोफळी. मालक म्हणून एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. पण कोकणातील जुने घर सहसा एकाचे नसते. एक भाऊ मुंबईत, दुसरा आखाती देशात, बहीण सासरी, चुलत्यांची मुले कोठे कोठे, अशी विखुरलेली कुटुंबे येथे घरोघर आहेत. कागदावर पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचेच नाव असते.

अशा वेळी प्रत्येक वारसाची संमती आणि सही आवश्यक असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला आहे. महाराष्ट्राने तर अशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. मुसलमान कुटुंबात पत्नी, आई आणि मुली यांचे हिस्से त्यांच्या वैयक्तिक कायद्याने ठरलेले असतात. 'बहिणी काही मागणार नाहीत' या तोंडी हमीवर खरेदी करणे म्हणजे पुढील पिढीसाठी दावा विकत घेणे होय. प्रथम वारसनोंद करून घ्यावी. ज्यांना हिस्सा नको असेल त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे आणि उरलेल्या सर्वांनी मिळून खरेदीखतावर सह्या कराव्यात. यास सहा महिने लागले तरी चालतील. घाई ही बहुधा विकणाऱ्याच्या अथवा मध्यस्थाच्या सोयीची असते.

साठेखत आणि खरेदीखत यांतील भेदही समजून घ्यावा. साठेखत हा विकण्याचा करार आहे. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने. खरेदीखत बाजारमूल्य दर तक्त्यानुसार मुद्रांक शुल्क भरून, सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे लागते. नोंदणी फी एक टक्का, परंतु कमाल तीस हजार रुपये आहे. निवासी मिळकत केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत १ एप्रिल २०२१ पासून देण्यात आली. नोंदणीनंतर तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, फेरफाराची नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. पंधरा दिवसांत हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होते. तुमचे नाव लागलेला उतारा हाती आला म्हणजेच व्यवहार पूर्ण झाला असे समजावे.

भरतीची रेषा

आता खाडीलगतच्या जागेकडे वळू. समजा ती अकृषिक आहे आणि सर्व कागद चोख आहेत. तरीही तेथे घर बांधता येईलच असे नाही. किनाऱ्यावरील बांधकामांचे नियमन करणारी अधिसूचना केंद्र शासनाने प्रथम १९९१ मध्ये काढली. नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना निघाल्या. लोक त्यांना 'सीआरझेड' या नावाने ओळखतात. उधाणाच्या भरतीचे पाणी जेथवर पोचते ती भरतीरेषा हा या नियमांचा पाया आहे.

२०११ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात समुद्राकडील बाजूस भरतीरेषेपासून दोनशे मीटर आणि खाडीकाठी शंभर मीटर, किंवा खाडीची रुंदी कमी असेल तर तितके अंतर, ना-विकास क्षेत्र ठरते. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठचे अंतर पन्नास मीटरपर्यंत आणले आहे. तेथे जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पूर्वीच्याच क्षेत्रफळात पुनर्बांधणी करता येते, नवे घर मात्र बांधता येत नाही. खारफुटीचे रान तर सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडते. ती खाजगी जमिनीत असली तरी तोडता येत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात खारफुटीच्या नाशाविरुद्ध कडक निर्देश दिले आहेत. खाडीलगतच्या जागेत तिवरांची चार झुडपे दिसली की ती साफ करून देण्याची तयारी मध्यस्थ दाखवील. तो देऊ करीत असतो तो गुन्हा.

कोणत्या जागेस कोणते अंतर लागू, हे नजरेने ठरत नाही. किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आपला सर्व्हे क्रमांक कोठे येतो, हे लेखी मिळवावे. नगररचना कार्यालयाकडून झोन दाखलाही घ्यावा. जेथे पूर्वी खाजणाची जमीन होती आणि बांध घालून ती लागवडीस आणली, तेथे तो बांध फुटल्यास खारे पाणी पुन्हा आपली जागा घेते, हेही विसरू नये.

डोंगराचा उतार

तिसरी जागा डोंगरावरची. तेथून खाडी, जंजिरा, मावळता सूर्य, सारे दिसते. पण रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डोंगरउतारावर खडकाच्या वर मुरमाचा व मातीचा थर असतो. पाणी मुरून हा थर जड होतो. झाडांची मुळे त्यास धरून ठेवतात आणि नैसर्गिक ओहोळ जादा पाणी वाहून नेतात. घरासाठी उतार उभा कापला, झाडे काढली आणि ओहोळ बुजवून रस्ता केला की हे तिन्ही आधार एकदम जातात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या वस्त्यांवर कोसळलेल्या दरडी याच जिल्ह्यातील आहेत. तेथील प्रत्येक कारण येथे लागू पडेल असे नाही, परंतु उताराखाली आणि उतारावर राहणाऱ्याने तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

जमिनीला नव्याने पडलेल्या भेगा, वाकलेली झाडे व खांब, एकाएकी गढूळ झालेला झरा ही धोक्याची चिन्हे होत. ओहोळाच्या तोंडाशी जागा घेऊ नये. उतार कापणे अटळ असेल तर पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली संरक्षक भिंत अभियंत्याच्या सल्ल्याने बांधावी. त्या भिंतीचा खर्च घराच्या किमतीतच धरावा.

वारा आणि खार

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने घरांचे पत्रे व कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या. अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत सहा-सात वर्षे जातात, यावरून बागायतदारांच्या हानीची कल्पना यावी.

या वादळाने घर बांधणाऱ्यांनाही धडा दिला आहे. छपराचे वासे भिंतीवर नुसते ठेवून भागत नाही, ते भिंतीतील पट्ट्यास लोखंडी पट्ट्यांनी जखडावे लागतात. पत्रे असल्यास त्यांच्या कडा व कोपरे यांना जवळजवळ आकडे हवेत, कारण वारा प्रथम तेथेच शिरतो. घरावर पडेल इतके जवळ नारळाचे झाड नसावे. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. गंजून फुगलेली सळई काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून काँक्रीटचे आवरण पुरेसे जाड असावे आणि बांधकामात समुद्राची वाळू अथवा खारे पाणी मुळीच वापरू नये. जुन्या कौलारू घराचे उतरते छप्पर, खोल पडवी आणि उंच जोते ही याच हवेने शिकविलेली रचना आहे. ती पाडून चौकोनी स्लॅबचे घर बांधण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जुने घर घेताना वासे, तुळया व चौकटी यांना वाळवी लागली आहे काय, हे सुताराकडून तपासून घ्यावे.

पाणी, दवाखाना आणि वाट

एवढा पाऊस पडूनही कोकणात एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओढ का जाणवते, असा प्रश्न नवख्यास पडतो. तीव्र उतारामुळे पाणी झपाट्याने खाडीत जाते आणि कठीण खडकात साठा थोडा राहतो. खाडीजवळच्या विहिरीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पंप लावून उपसा वाढविला की खालचे खारे पाणी वर सरकते. ते एका विहिरीत शिरले की शेजारच्या विहिरीही नासतात. तेव्हा विहिरीची परीक्षा मे महिन्यात करावी, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि छपराचे पाणी साठविण्याची सोय घरासोबतच करावी.

दैनंदिन गरजांसाठी मुरूड हे जवळचे गाव आहे. तेथे नगरपरिषद, बाजार, तहसील कार्यालय व ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या उपचारांसाठी मात्र अलिबागचे जिल्हा रुग्णालय किंवा त्याहून पुढे जावे लागते. अलिबाग मुरूडपासून सुमारे पन्नास किलोमीटर आहे. वय साठीच्या पुढे असणाऱ्यांनी हे अंतर रात्रीच्या वेळी व पावसात किती मिनिटांचे होते, हे स्वतः पाहावे. रेल्वेसाठी रोहा वा कोकण रेल्वेवरील इंदापूर, माणगाव गाठावे लागते. वादळी हवेत खाडीवरील वाहतूक थांबविली जाते, तेव्हा दिघी डोळ्यांसमोर असूनही दूर जाते.

हे लक्षात ठेवा

१. जागा गावठाणातील, अकृषिक की शेती, हे प्रथम ठरवा. शेतजमीन असल्यास आपण कायद्याने शेतकरी आहोत काय, हे पाहा.
२. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, मिळकत पत्रिका यांच्या प्रती स्वतः काढा. दाखविलेल्या छायाप्रतींवर विसंबू नका.
३. सर्व वारसांच्या सह्या आणि तीस वर्षांचा शोध यांवाचून विसार देऊ नका.
४. हद्द कायम मोजणी, झोन दाखला आणि भरतीरेषेचा नकाशा हे तिन्ही लेखी मिळवा.
५. घरापर्यंतची वाट कागदावर आहे काय, ते पाहा. शेजाऱ्याच्या आगरातून आज मिळणारी वाट उद्या बंद होऊ शकते.
६. पैसे बँकेमार्फत द्या आणि पावती घ्या.

एक पावसाळा

या सर्व सूचनांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : घर घेण्यापूर्वी गावात एक पावसाळा काढा. जानेवारीत सर्वच जागा सुंदर दिसतात. कोणत्या घरात पाणी शिरते, कोणता ओहोळ वाट मोडतो, वीज किती वेळ जाते, उधाणाचे पाणी कोणत्या बांधाला लागते, आजारी माणसास मुरूडला कसे नेतात, हे जून ते सप्टेंबर या काळातच कळते. वारसनोंद, मोजणी, शोध या कामांनाही तेवढा अवधी लागतोच. म्हणजे पावसाळा वाया जात नाही. कागदांची आणि जागेची परीक्षा एकाच वेळी होते.

आपल्या शिक्षक दांपत्याने तेच केले असे समजू. खाडीलगतची जागा शेतीची निघाली आणि तिचा निम्मा भाग भरतीरेषेच्या आत. डोंगरावरच्या भूखंडाची वाट जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाहून गेली. गावातील जुने घर मात्र, दोन कौले सरकली तरी, कोरडे राहिले. त्यांनी जूनमध्ये गावातच दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. सप्टेंबर उजाडेपर्यंत वृद्ध मालकाच्या बहिणींची नावे अभिलेखात लागली होती, परदेशातील भावाचे रीतसर मुखत्यारपत्र आले होते आणि शेजारच्या घरातील माणसे त्यांना नावाने हाक मारू लागली होती.

ही शेवटची गोष्ट कोणत्याही कार्यालयात नोंदली जात नाही, परंतु तिचे मोल मोठे आहे. किनाऱ्यावरील अनेक गावांत घरे वाढत आहेत आणि माणसे कमी होत आहेत. वर्षातील साडेअकरा महिने कुलूप लावलेल्या बंगल्याचा गावास उपयोग नसतो. उलट त्याचा पंप शेजाऱ्याची विहीर आटवतो आणि त्याचे कुंपण जुनी वाट अडवते. येथील कुळाने पिढ्यांच्या झगड्यानंतर मिळविलेली जमीन एकदा विकली की त्याच्या मुलांना ती परत घेता येत नाही. म्हणून विकणाऱ्यानेही रोख रकमेबरोबर उद्याचा विचार करावा. राहते घर आणि विहिरीजवळची जागा शक्यतो राखून ठेवावी. घेणाऱ्याने गावात राहण्यासाठी घर घ्यावे, ग्रामसभेस जावे, घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरावी आणि दुरुस्तीचे काम गावच्या गवंडी-सुताराकडे द्यावे. असे झाले तर बंद पडलेल्या घराच्या ओटीवर पुन्हा दिवा लागेल, आणि खाडीवरून येणाऱ्या जंगरातून तो दिवा दिसेल.